रोज एक खण : तुमच्या ॲडव्हेंट कॅलेंडरसोबतचं माहितीपत्रक

ॲडव्हेंट कॅलेंडर म्हणजे नाताळाची वाट बघत १ ते २४ डिसेंबर रोज एक दार उघडायचं आणि त्यामागचं छोटं खेळणं काढायचं, असं खोकं. ते हातात आल्यावर सगळ्यात आधी हा कागद वाचा, ही विनंती. नेहमीचं पार्सल फोडतात तसं काही जण हे खोकं बाजूनं फोडतात आणि मग आम्हाला विचारतात, "ट्रे बाहेर आला, सगळं एकत्र झालं, आता कुठलं कुठल्या दिवसाचं?" याचं उत्तर आमच्याकडेही पटकन नसतं. बाहेरचं पारदर्शक वेष्टन तेवढं काढा. पुढे २४ डिसेंबरपर्यंत कात्री, कटर, सुरी यांतलं काहीही लागत नाही.

खोक्याची पुढची बाजू म्हणजे पुठ्ठ्यावरचं चित्र. त्यात २४ दारं आहेत आणि प्रत्येक दारामागे ट्रेचा एक खण. आकडे ओळीनं नाहीत, मुद्दामच विखुरलेत. आजचा आकडा शोधणं हा अर्धा खेळ आहे. या चित्रातला १७ धुराड्याच्या विटांत असा काही मिसळलाय की प्रूफ तपासताना तो आम्हालाच दोनदा दिसला नव्हता.

सुरुवात कधी करायची?

१ डिसेंबरला. हे वेगळं सांगायचं कारण असं की ॲडव्हेंट, म्हणजे नाताळाआधीचा आगमनाचा काळ, दरवर्षी वेगळ्या तारखेला सुरू होतो. नाताळाच्या आधीचा चौथा रविवार हा त्याचा पहिला दिवस, आणि तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान कधीही येतो. २०२६ मध्ये तो २९ नोव्हेंबरला येतो, तर २०२८ मध्ये थेट ३ डिसेंबरला. कॅलेंडर त्या हिशेबानं छापायचं तर दरवर्षी दारांची संख्या बदलावी लागेल. म्हणून १ ते २४ हा ठरावीक आकडा रूढ झाला. शेवट २५ ला न होता २४ ला होतो, कारण ही प्रथा जर्मनीतली आणि तिथे मुलांना भेटवस्तू २४ च्या संध्याकाळी मिळतात.

मुळात यात खेळणीही नव्हती आणि दारंही नव्हती. एकोणिसाव्या शतकात जर्मन घरांमध्ये दारावर खडूनं २४ रेघा मारत आणि मुलं रोज एक रेघ पुसत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला म्युनिकच्या गेरहार्ट लांग यांनी छापील कॅलेंडर काढलं. ते लहान असताना त्यांच्या आईनं पुठ्ठ्यावर २४ छोटी बिस्किटं लावून दिली होती, तिथून ही कल्पना आली असं सांगतात. त्यांच्या पहिल्या कॅलेंडरात चित्रं कापून चिकटवायची होती, उघडायची दारं नंतर आली. दुसऱ्या महायुद्धात कागदच मिळेना, तेव्हा हा सगळा प्रकार थांबला. १९४६ मध्ये श्टुटगार्टच्या रिचर्ड झेल्मर यांनी तो पुन्हा सुरू केला. चॉकलेटं आणि खेळणी ही बरीच अलीकडची भर.

खोकं उशिरा पोचलं, समजा ५ तारखेला, तर पहिली पाच दारं एकदम उघडायला हरकत नाही. फक्त ती आकड्यांच्या क्रमानं उघडा. आमच्या फिगर, म्हणजे खणांतली छोटी खेळणी, एकमेकींना धरून आहेत. ३ मध्ये गाडी येते आणि ४ मध्ये ती ओढणारा घोडा.

दार कसं उघडायचं

प्रत्येक दाराच्या तीन बाजूंना बारीक भोकांची रेघ आहे आणि एका कडेला नखाएवढी अर्धगोल खाच. लहान मुलं खाचेत बोट घालून सरळ ओढतात. मग दार निघतं, पण जाताना शेजारच्याचा कोपराही घेऊन जातं. आधी तिन्ही बाजूंच्या रेघांवरून नख फिरवा. टक टक असा आवाज येत रेघ सुटते. मग खाचेतून दार उचला आणि पुस्तकाचं पान उलटावं तसं बाजूला वळवा. दार पुठ्ठ्याला लागूनच राहू द्या, त्याच्या आतल्या बाजूला त्या दिवसाची जोडणी चित्रात दाखवली आहे.

खणात एक पारदर्शक पिशवी असते. ती ताटलीवर धरून उघडा. हा सल्ला फुकटचा वाटेल, पण ८ तारखेचा कंदील वाटाण्यापेक्षा लहान आहे, आणि असे तुकडे स्थिर विजेमुळे पिशवीच्या आतल्या बाजूला चिकटून बसतात. पिशवी रिकामी वाटली तरी उलटी करून टिचकी मारल्याशिवाय कचऱ्यात टाकू नका. खोक्यात ओलावा शोषणारी एक पांढरी पुडीही आहे. ती बक्षीस नाही, खायची तर अजिबात नाही. पहिल्याच दिवशी काढून टाका.

"आज नुसतं फावडं!"

हे वाक्य साधारण ६ तारखेला ऐकू येतं. २४ खणांत ११ माणसं, ५ प्राणी आणि ८ दिवस सामानाचे आहेत: फावडं, कंदील, शिडी, झाड वगैरे. रोज माणूस दिला असता तर चालली नसती का कल्पना? आम्ही एकदा करून पाहिली. २४ माणसं रांगेत उभी राहिली आणि कुणाच्याच हातात काही नाही. मुलं दुसऱ्या आठवड्यात कंटाळली. फावडं आलं की बर्फ उपसायला कुणाला पाठवायचं यावर चर्चा सुरू होते. तरीही सामानाच्या दिवशी मूल खट्टू झालंच, तर आधीच्या सगळ्या फिगर मांडून त्यात नवी वस्तू ठेवायला सांगा. खोक्याची मागची बाजू उलगडली की चौकाचं चित्र मिळतं, ते त्यासाठीच आहे.

आमची सगळी खोकी आतून सारखीच असतात. "दुर्मीळ", "गुप्त" अशी एकही फिगर आम्ही ठेवत नाही. न बघता घ्यायच्या पुड्यांमध्ये तसं असतं, आणि त्यावरून मुलांची भांडणं होतात, मोठ्यांचीही. त्यामुळे एका घरात दोन खोकी असली तरी दोघांना त्या दिवशी तेच मिळेल.

एकाच खोक्यावर दोन भावंडं असतील तर सम-विषम वाटणी सोपी वाटते. पण २४ हा आकडा सम आहे आणि सगळ्यात मोठा खणही तोच. पहिल्याच दिवशी ठरवून टाका, की २४ चं दार दोघं मिळून उघडणार.

चोरून बघण्याबद्दलही दोन शब्द. खोक्याचा तळ उघडला की ट्रे खाली सरकतो, हे मुलांना आमच्यापेक्षा लवकर कळतं. आमच्याच एका सहकाऱ्याच्या लेकीनं सगळं काढून, खेळून, पुन्हा जागच्या जागी भरून ठेवलं होतं. ११ च्या खणातून मेंढीऐवजी कुत्रा निघाला, तेव्हा उलगडा झाला. तळाला एक जाड चिकटपट्टी लावली तर पुरे.

वाकलेली फिगर, चिकट फिगर

माणसं आणि प्राणी मऊ पीव्हीसीचे आहेत. खणात दाबून बसल्यामुळे एखाद्याची काठी वाकडी निघते. मोडली समजून फेकू नका. चांगल्या गरम पाण्यात अर्धा-एक मिनिट धरा. उकळतं पाणी नको, आणि हे काम मोठ्यांनी करा. काठी मऊ पडली की बोटांनी सरळ करा आणि तशीच धरून गार पाण्यात बुडवा. ती त्याच आकारात घट्ट होते. डाग पुसायला सौम्य साबणाचं पाणी पुरतं. नेलपॉलिश काढायचं द्रव किंवा स्पिरिट लावलं तर डोळे-भुवया सगळं पुसलं जाईल.

नाताळ झाल्यावर फिगर त्याच ट्रेमध्ये वर्षानुवर्षं ठेवू नका. मऊ पीव्हीसीतलं तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर येतं, बंद जागेत पृष्ठभाग चिकट होतो आणि कधी ट्रेवर त्याचा ठसा उमटतो. कागदात सुट्या गुंडाळून, थोडी हवा लागेल अशा पुठ्ठ्याच्या डब्यात ठेवा, आणि उन्हापासून दूर. चिकट झालेली फिगर साबणानं धुतली की बहुधा पूर्ववत होते.

तीन वर्षांखालच्या मुलांसाठी नाही

ही औपचारिक ओळ नाही. खेळण्यांच्या तपासणीत ३१.७ मिलिमीटर व्यासाचं एक नळकांडं वापरतात. जो तुकडा त्यात पूर्ण मावतो, तो लहान मुलाच्या घशात अडकण्याचा धोका धरला जातो. आमचं सामान जवळपास सगळंच त्यात मावतं. घरात मोठं भावंड आणि रांगतं बाळ असं दोन्ही असेल तर खोकं उंचावर ठेवा, आणि रिकाम्या पिशव्या लगेच उचला.

तुकडा कमी निघाला तर

आधी शेजारचे खण बघा. खोकं पडलं किंवा उलटं ठेवलं गेलं, तर पिशवी ट्रेच्या कडेवरून पलीकडे सरकते. आज रिकामा वाटलेला खण उद्याच्या दारामागे दोन पिशव्या होऊन सापडतो. तिथेही नसेल तर आम्हाला तीन गोष्टी कळवा: दाराचा आकडा, खोक्याच्या तळाला छापलेला बॅच क्रमांक, आणि त्या दिवशी जे निघालं त्याचा एक फोटो. बिल शोधत बसू नका, ते लागत नाही. सुटे भाग आम्ही फेब्रुवारीअखेरपर्यंत राखून ठेवतो, म्हणून रिकामं खोकं टाकण्याआधी तळाचा तो क्रमांक तेवढा कापून ठेवा.