टाइमकोड आणि प्रकाशाचे क्यू

ध्वनिमुद्रित संगीतावर बसवलेल्या नृत्यात प्रकाश ठोक्याबरोबर बदलला पाहिजे, आणि प्रत्येक प्रयोगात तो तसाच बदलला पाहिजे. ठोका ऐकून बटण दाबायला सरावलेल्या माणसालाही सुमारे 150 मिलिसेकंद लागतात. म्हणून अशा ठिकाणी कन्सोलला, म्हणजे दिवे चालवणाऱ्या नियंत्रण-यंत्राला, संगीताच्याच घड्याळाशी जोडतात. हे घड्याळ म्हणजे टाइमकोड होय.

त्याचा सर्वांत रुळलेला प्रकार ध्वनीच्या रूपात असतो. संगीताच्या फाइलमधील एका स्वतंत्र ट्रॅकवर तो नोंदवलेला असतो आणि स्पीकरकडे न जाता थेट कन्सोलकडे जातो. प्रत्येक फ्रेमसाठी, म्हणजे सेकंदाच्या एका ठरावीक छोट्या भागासाठी, 80 बिट असतात व त्यांत तास, मिनिट, सेकंद आणि फ्रेम यांचे आकडे दडलेले असतात. सेकंदाला 25 फ्रेम धरल्या, तर एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची होते, म्हणजे माणसाच्या त्या 150 मिलिसेकंदांत जवळजवळ चार फ्रेम निघून जातात.

क्यूला, म्हणजे आधी ठरवून ठेवलेल्या प्रकाशबदलाला, वेळ देण्याचा सोपा मार्ग असा, की गाणे सुरू करून ऑपरेटरने ‘गो’ दाबत जायचे आणि कन्सोलने त्या वेळा टिपून घ्यायच्या. पण त्या वेळांमध्ये हाताचा उशीरही नोंदला जातो, त्यामुळे नंतर एकेक आकडा हाताने दुरुस्त करावाच लागतो. खरे प्रकाशयोजनेचे काम येथेच सुरू होते, कारण टाइमकोड फक्त क्यू कधी सुटावा हे सांगतो. प्रकाश कधी पोहोचावा हे आपणच ठरवायचे असते. दोन सेकंदांचा फेड, म्हणजे प्रकाशाचा हळूहळू होणारा बदल, 01:02:15:10 या ठोक्यावर पूर्ण व्हायचा असेल, तर क्यू 01:02:13:10 ला सुटला पाहिजे. मूव्हिंग हेड दिव्याला नव्या जागी वळायलाही वेळ लागतो. तो उजळलेला असताना वळला, तर झोत साऱ्या रंगमंचावरून फिरत जातो. म्हणून दिवा विझलेला असतानाच त्याला वळवून घेणारा वेगळा क्यू आधी ठेवावा लागतो. माझ्या मते नवशिक्यांनी सर्वांत आधी शिकावे ते हेच.

फ्रेमचा वेग ध्वनी आणि प्रकाश या दोन्ही विभागांनी एकच धरला पाहिजे. सेकंदाला 29.97 फ्रेम असताना 30 धरून मोजत गेले, तर तासाभरात 108 फ्रेमचा, म्हणजे सुमारे 3.6 सेकंदांचा फरक पडतो. तो भरून काढण्यासाठी ‘ड्रॉप फ्रेम’ पद्धतीत दर मिनिटाच्या आरंभीचे दोन क्रमांक गाळतात, मात्र दर दहाव्या मिनिटाला गाळत नाहीत. गाळले जातात ते केवळ क्रमांक. संगीताचा एकही क्षण कमी होत नाही.

तालमीत गाणे बहुधा मधूनच सुरू होते. त्या वेळी आधीचे क्यू सुटलेले नसतात, म्हणून त्या क्षणाला योग्य अशी प्रकाशस्थिती कन्सोल स्वतः शोधून काढतो का, हे तपासून ठेवावे. प्रत्येक गाण्याला वेगळा तास दिल्यास, म्हणजे पहिले 01 पासून, दुसरे 02 पासून असे ठेवल्यास, दोन गाण्यांच्या वेळा एकमेकींत मिसळत नाहीत. सिग्नल क्षणभर तुटला, तरी कन्सोलने काही फ्रेम स्वतःच्या घड्याळावर पुढे जावे अशी सोयही करता येते. ती फार लांबवली, तर गाणे मुद्दाम थांबवल्यावरही क्यू सुटत राहतात.

संवादाच्या प्रवेशात मात्र नटाचा विराम रोज वेगळा असतो, म्हणून गाणे संपताच टाइमकोडचा ताबा काढून क्यू पुन्हा ऑपरेटरच्या हाती द्यावेत.