एका मिनिटाचा दिवस : पाण्याच्या बाटल्या विकत सॅप शिकवणाऱ्या खेळाची पार्श्वभूमी

वर्गात सहा-सात गट आहेत आणि प्रत्येक गट म्हणजे बाटलीबंद पाणी विकणारी एक जर्मन कंपनी. माल सगळ्यांकडे तोच: साधं पाणी, बुडबुड्यांचं पाणी आणि लिंबाच्या स्वादाचं पाणी, प्रत्येक अर्ध्या आणि एक लिटरच्या बाटलीत. उत्तर, दक्षिण आणि पश्चिम असे जर्मनीचे तीन विभाग, आणि तिथल्या गिऱ्हाइकांच्या आवडी वेगवेगळ्या. प्रशिक्षक घड्याळ चालू करतो आणि साधारण दर मिनिटाला धंद्याचा एक दिवस संपतो. वीस दिवस झाले की तिमाही संपली, नफा पडद्यावर. या खेळाचं नाव ईआरपीसिम. कॅनडातल्या ‘एचईसी माँट्रियाल’ या बिझनेस स्कूलमध्ये तो तयार झाला. मुळात तो खेळ सॅप, म्हणजे कंपनीची खरेदी, साठा, विक्री आणि हिशेब एकत्र चालवणारं जर्मन सॉफ्टवेअर, शिकवण्यासाठी आहे, पाणी हे निमित्त.

सॅप शिकवायला खेळ कशाला, हे समजायचं तर दोन वेगळ्या गोष्टींचा इतिहास पाहावा लागतो. एक, व्यवस्थापनाच्या खेळांचा. दुसरा, आज ज्याला आपण ईआरपी (एंटरप्राइझ रिसोर्स प्लॅनिंग) म्हणतो त्या सॅपसारख्या सॉफ्टवेअरचा. दोन्ही वाढले एकाच प्रश्नावर: गोदामात माल किती ठेवायचा आणि पुढचा कधी मागवायचा?

धंद्याचा खेळ करून माणसं तयार करण्याची सगळ्यात जुनी नोंद सोव्हिएत रशियातली आहे. 1932 मध्ये लेनिनग्राडला मारिया बिर्श्टाइन यांनी टाइपरायटरच्या कारखान्यातल्या जुळणीच्या कामावर एक खेळ बेतला होता. पण पश्चिमेकडे त्याचा पत्ता बराच काळ नव्हता. तिथे सुरुवात लष्कराच्या गोदामांतून झाली. रँड कॉर्पोरेशन या अमेरिकी संशोधन संस्थेने 1955 च्या सुमारास अमेरिकी हवाई दलासाठी ‘मोनोपोलॉग्ज’ नावाचा खेळ काढला. विमानांचे सुटे भाग एका मध्यवर्ती डेपोतून वेगवेगळ्या तळांवर पोचवायचे; कमी पडले तर विमान जमिनीवर, जास्त ठेवले तर पैसा अडकला. खेळाडू बसायचा साठ्याच्या व्यवस्थापकाच्या खुर्चीत. आजचा कुठलाही स्टॉकिस्ट हा खेळ नियम न वाचता खेळेल.

लगेच पुढे, 1956-57 मध्ये, अमेरिकन मॅनेजमेंट असोसिएशनने कंपन्यांच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी खेळ तयार केला. गटांनी किंमत, उत्पादन, जाहिरात यांचे आकडे कागदावर लिहून द्यायचे, ते ‘आयबीएम 650’ या संगणकावर चढवले जायचे आणि एका तिमाहीचा निकाल परत यायचा. तिमाहीची ही चाल तेव्हापासून अशा खेळांत जी रुळली ती आजवर टिकून आहे. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. संगणक भिंतीपलीकडे होता. साहेब लोक निर्णय घ्यायचे आणि यंत्राला कोण हात लावतो याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. पुढची चाळीसेक वर्षं व्यवस्थापनाच्या बहुतेक खेळांचा हाच नमुना राहिला.

अमेरिकेतल्या एमआयटीत प्राध्यापक जे फॉरेस्टर यांच्या गटात जन्मलेला ‘बिअर गेम’ तर संगणकाशिवायच चालायचा. दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना अशी चार माणसं एका पटावर. गिऱ्हाइकाची मागणी सुरुवातीला आठवड्याला चार पेट्या असते, पाचव्या आठवड्यात ती आठ होते आणि तिथेच राहते. एवढंच. तरी साखळीत मागे मागे जाल तशा ऑर्डरी फुगत जातात. आधी टंचाई, मग गोदामात डोंगर. जॉन स्टर्मन यांनी 1989 मध्ये या खेळाचे निकाल तपासले. कमीत कमी खर्चात खेळणं जमलं असतं तर गटाला साधारण 200 डॉलर पडायला हवे होते. प्रत्यक्षात सरासरी 2,000 डॉलरच्या वर पडत होते. शिकलेसवरलेले खेळाडू आणि दहापट खर्च. आपल्याकडच्या एमबीएच्या वर्गांतही हा खेळ खेळवतात, आणि निकाल वेगळा लागत नाही.

आता दुसरी वाट. जोसेफ ऑर्लिकी या अभियंत्याने 1960 च्या दशकात साठ्याच्या प्रश्नाला हिशेबी उत्तर दिलं. तयार मालाची मागणी किती हे एकदा ठरवा. मग हातातला साठा वजा करा, वाटेवरचा माल वजा करा, पुरवठादाराला लागणारे दिवस मागे मोजा, आणि काय, किती, कधी मागवायचं हे यंत्राला काढू द्या. ही ‘मटेरियल रिक्वायरमेंट्स प्लॅनिंग’, म्हणजे एमआरपी. (बाटलीवर छापलेल्या एमआरपीशी हिचा काही संबंध नाही, पाण्याच्या खेळात ते सांगितलेलं बरं.) 1964 मध्ये ‘ब्लॅक अँड डेकर’ने ती प्रथम वापरली आणि 1975 पर्यंत सुमारे 700 कंपन्यांत ती पोचली, असं सांगतात.

दरम्यान 1972 मध्ये आयबीएमच्या जर्मन शाखेतून बाहेर पडलेल्या पाच जणांनी सॅप ही कंपनी काढली. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे ‘आयसीआय’ या रसायन कंपनीचा ओस्ट्रिंगेनमधला नायलॉनचा कारखाना. कल्पना अशी की गोदामात माल उतरला की त्याच क्षणी हिशेबाच्या वहीतही नोंद व्हावी. दोन खात्यांनी दोनदा टंकू नये. 1992 मध्ये ‘आर/3’ ही तिची आवृत्ती आली आणि सॅप जगभर पसरलं. अशा सॉफ्टवेअरला ईआरपी हे नाव तोवर ‘गार्टनर’ या संशोधन संस्थेने देऊन झालं होतं.

पसरताना ठेचाही जबर लागल्या. टेक्सासमधली ‘फॉक्समेयर’ ही औषधांची मोठी घाऊक वितरक कंपनी 1996 मध्ये दिवाळखोरीत गेली. जुन्या यंत्रणेवर रात्रीत 4,20,000 ऑर्डरींच्या ओळी निघायच्या, नव्या सॅपवर जेमतेम 10,000, हा आकडा या प्रकरणात नेहमी सांगितला जातो. दोष सॉफ्टवेअरचा, सल्लागारांचा की कंपनीच्या स्वतःच्या घाईचा, यावर कोर्टात वाद झाले. 1999 मध्ये ‘हर्शी’ या चॉकलेट कंपनीने चार वर्षांचं काम अडीच वर्षांत बसवायचं ठरवलं आणि ऐन हॅलोविनच्या मोसमात माल गोदामात असूनही दुकानांत पोचेना. अशा प्रकरणांनंतर ‘युजर ट्रेनिंग’ हा प्रकल्पाच्या शेवटी उरकायचा भाग नाही, हे कंपन्यांना निदान तोंडाने तरी म्हणावं लागलं.

शिकवत मात्र कसे होते? सॅपने विद्यापीठांना प्रणाली वापरू देणारी ‘युनिव्हर्सिटी अलायन्सेस’ योजना काढली होती. वर्गात विद्यार्थ्यापुढे छापील पायऱ्या असायच्या: हा टी-कोड (हवा तो पडदा उघडणारा छोटा संकेत) टाका, या रकान्यात हा आकडा भरा, सेव्ह करा, आलेला कागदाचा क्रमांक लिहून घ्या. आपण ऑर्डर का टाकतोय, ती चुकली तर कोणाचं काय बिघडेल, याचा पत्ता नाही, कारण काहीच बिघडत नसे. पलीकडे गिऱ्हाईक नव्हतंच. वेळ थिजलेला होता. आज टाकलेली ऑर्डर पुढच्या आठवड्याच्या तासापर्यंत तशीच पडून.

आपल्याकडे त्यात आणखी एक गुंता झाला. दोन हजारच्या दशकात पुण्या-मुंबईत सॅपच्या क्लासेसची जी लाट आली, तिने ज्ञान मॉड्यूलांत कापून विकलं. पोरगा एमएमवाला (खरेदी आणि साठा) होतो, एसडीवाला (विक्री) होतो किंवा फायकोवाला (हिशेब) होतो. खरेदीचा पीओ, म्हणजे पुरवठादाराला द्यायचा खरेदी आदेश, त्याला डोळे मिटून काढता येतो. त्या पीओवर माल आला की ताळेबंदात काय हलतं हे विचारलं की तो म्हणतो, ते फायकोवाल्यांना विचारा. नोकऱ्या अशानेच मिळाल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्या सॉफ्टवेअरचा जन्मच खाती जोडण्यासाठी झाला ते खाती तोडून शिकवलं गेलं, आणि हे फक्त पुण्यातच झालं असंही नाही.

या पार्श्वभूमीवर माँट्रियालचा प्रयोग आला. पिएर-माजोरिक लेजे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलटा विचार केला: नकली कंपनीसाठी नकली सॉफ्टवेअर बनवण्याऐवजी सॉफ्टवेअर खरं ठेवायचं आणि नकली बाजार बांधायचा. सॅपला जोडलेला एक कार्यक्रम गिऱ्हाइकांच्या वतीने ऑर्डरी टाकतो, माल पाठवतो, बिलं करतो, पैसे भरतो आणि वेळ पुढे ढकलतो. हे सगळं सॅपमध्ये खऱ्या नोंदींसारखं साठतं, खतावणीसकट. लेजे यांनी 2006 मध्ये एका शैक्षणिक नियतकालिकात मांडलेला खेळ माल बनवून साठवणाऱ्या कारखान्याचा होता. पाण्याच्या वितरणाचा खेळ या कुटुंबातला सोपा भाऊ; त्यात उत्पादन नाही, फक्त आणा आणि विका. म्हणूनच नवख्यांना आधी तोच देतात. मुसली बनवणारा कारखाना आणि विभागवार गोदामांतून दूधदुभतं फिरवणारा खेळ हे वरच्या इयत्तांचे.

सोपा म्हणजे किती सोपा, हे मालाच्या एका फेरीवरून कळतं. एमडी61 या टी-कोडमध्ये विक्रीचा अंदाज टाकायचा: अमुक पाणी इतक्या बाटल्या. मग एमडी01 ने एमआरपी चालवायची. ऑर्लिकीची वजाबाकी इथे एका बटणात आहे. तिच्यातून खरेदीची मागणीपत्रं तयार होतात. ती एमई59एन मध्ये जाऊन पीओत बदलायची, तेव्हा पुरवठादार माल पाठवतो, आणि तो यायला काही दिवस लागतात. भाव व्हीके32 मध्ये. जाहिरातीचा खर्च विभागवार.

नवखा गट हमखास घसरतो तो तिसऱ्या पायरीवर. अंदाज टाकला, एमआरपी चालवली, पडद्यावर हिरवं काही दिसलं, सगळे खूश. मागणीपत्रांचे पीओ कोणी केलेच नाहीत. चार मिनिटांनी, म्हणजे चार दिवसांनी, लिंबाच्या बाटल्या शून्यावर. घाबरून पुन्हा एमआरपी चालवली तर काहीच निघत नाही, कारण यंत्राच्या लेखी मागणीपत्रं आधीच निघालेली आहेत. पुस्तकात मागणीपत्र आणि खरेदी आदेश यांतला फरक दोन ओळींत असतो आणि परीक्षेनंतर विसरला जातो. इथे शेजारच्या गटाने तेवढ्या वेळात आपलं गिऱ्हाईक पळवलेलं असतं.

दुसरी गंमत भावाची. बाजार एकच आहे, त्यामुळे एका गटाने भाव पाडला की बाकीच्यांची विक्री बसते. पहिल्या तिमाहीत बहुतेक जण भाव पाडतात, खपाचे आकडे पाहून टाळ्या पिटतात आणि निकालाला नफा शोधत बसतात. मग कोणीतरी साठ्याचा अहवाल आणि विक्रीचा अहवाल शेजारी ठेवतं. साठा थोडा आणि माल यायला तीन दिवस असतील तर भाव वाढवायचा, हे तिथे उमगतं. भाव हे विक्रीचं खातं, साठा हे खरेदीचं, आणि निर्णय दोघांच्या मधला. एसडीवाला आणि एमएमवाला यांना एका टेबलाशी बसवण्याचं काम इतकी वर्षं ज्या आकृत्यांना जमलं नाही ते या घड्याळाने केलं, असं माझं मत आहे. आणि खेळाचं खरं भांडवल मला घड्याळच वाटतं, बाकीचं जुन्या खेळांतही होतं.

तिमाह्यांच्या मधल्या विश्रांतीत गटांना आपलीच आकडेवारी उपसायला मिळते. नुकत्याच संपलेल्या तिमाहीत त्यांनीच तयार केलेल्या हजारो नोंदी असतात. त्यामुळे पुढे हाच खेळ डेटा विश्लेषण शिकवायलाही वापरला जाऊ लागला. लेजे यांच्या गटाने तर खेळणाऱ्यांच्या डोक्याला मेंदूच्या लहरी मोजणारे ईईजीचे सेन्सर लावून ते खेळात किती बुडून जातात याचाही अभ्यास केला. विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा होतात, आणि कंपन्यांतल्या प्रशिक्षणासाठी ‘बॅटन सिम्युलेशन्स’ या नावाने व्यवसायही उभा राहिला.

मर्यादाही सांगायला हव्यात. सांगली-कोल्हापूरकडचा एखादा डिस्ट्रिब्यूटर हा खेळ पाहून हसेल. यातलं गिऱ्हाईक ‘पुढच्या मंगळवारी देतो’ म्हणत नाही. महिनाअखेरीला टार्गेटसाठी कंपनीचा सेल्समन माल गळ्यात मारत नाही, पावसात घाट बंद होत नाही, फुटक्या बाटल्यांचा क्लेम सहा महिने अडकत नाही. शिवाय कंपनी तयार मिळते: मालाचा मास्टर डेटा (मूळ माहितीच्या नोंदी), पुरवठादार, हिशेबाची रचना सगळं आधीच बसवलेलं. खऱ्या प्रकल्पात सगळ्यात जास्त घाम तिथेच गळतो. म्हणजे खेळ चालवायला शिकवतो, उभारायला नाही. सल्लागार व्हायला निघालेल्याने हे ओळखून खेळावं. वापरणाऱ्याला मात्र चालवणंच शिकायचं असतं, आणि तशी माणसं कितीतरी जास्त आहेत.

सध्या या खेळाचं रूपही बदलतंय. 2015 मध्ये सॅपने ‘एस/4हाना’ ही नवी आवृत्ती आणली आणि टी-कोडच्या करड्या पडद्यांऐवजी ‘फिओरी’ या नव्या पडद्याचे चौकोन आले, तेव्हा खेळालाही त्या वाटेने जावं लागलं. ‘ईसीसी’ या आधीच्या आवृत्तीचा नेहमीचा आधार 2027 अखेर थांबवण्याचं सॅपने जाहीर केलं आहे, जादा पैसे मोजणाऱ्यांना 2030 पर्यंत मुभा. एमडी61 आणि व्हीके32 बोटांत मुरलेल्या माणसांना आता पुन्हा वर्गात बसावं लागतंय. त्यांना पीओ म्हणजे काय हे सांगावं लागत नाही, फक्त तो चौकोन कुठे आहे ते दाखवावं लागतं.