जैवविविधता व्यवस्थापन समिती (पूर्व विदर्भातील तलाव व गायरान)

गावाच्या हद्दीतील झाडझाडोरा, मासे, पाखरे, पिकांचे जुने वाण आणि त्यांच्याविषयीची लोकांची माहिती जपण्यासाठी ग्रामपंचायतीने नेमायची वैधानिक समिती. तिचा आधार जैवविविधता कायदा, २००२ चे कलम ४१ आहे. २००४ च्या केंद्रीय नियमांनुसार अध्यक्ष आणि जास्तीत जास्त सहा सदस्य अशी तिची रचना ठरली. त्यांत किमान एकतृतीयांश महिला आणि १८ टक्के अनुसूचित जाती-जमातींचे लोक असावेत, अशी अट होती. राज्याचे जैवविविधता मंडळ नागपुरात आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरचा पूर्व भाग या पट्ट्यात समितीचा विषय निघाला की गोष्ट तलावावरच येते.

इथे मालगुजारीच्या (सरकारसाठी सारा गोळा करणाऱ्या गावमालकांच्या) काळातले ७ हजारांच्या आसपास तलाव आहेत. ते बांधण्यात कोहळी समाजाचा हात मोठा. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे सांगतात. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. कागदोपत्री ते ‘माजी मालगुजारी’ म्हणून ‘मामा तलाव’ झाले. बाहेरचा माणूस हमखास विचारतो, कोणाच्या मामाचा? प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. लहान तलाव बहुधा जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे. मासळीचा ठेका ढिवरांच्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे. पाणी धानाच्या शेतकऱ्यांचे, आणि निस्तार हक्काने (गावाच्या रोजच्या वापराच्या जुन्या हक्काने) गुरांचे व धुण्याभांड्यांचेही. उन्हाळ्यात पाणी मागे सरले की उघड्या पडलेल्या बुडीत जमिनीत कोणीतरी गाळपेर करतो, आणि दोन-चार वर्षांनी तिथे बांध घातलेला दिसतो.

समितीच्या नावावर यातले काहीच नाही. ती तलावाची मालक नव्हे, ठेकेदार नव्हे, अतिक्रमण उठवणारी यंत्रणाही नव्हे. या सगळ्यांना ग्रामसभेत एका सतरंजीवर बसवणे हेच तिचे खरे काम, आणि ज्या गावात ते जमत नाही तिथे समिती फलकापुरती उरते. पाणथळांच्या कायद्याचा आधारही तोकडा आहे. २०१७ च्या पाणथळ नियमांत खास सिंचनासाठी बांधलेल्या जलसाठ्यांना पाणथळाच्या व्याख्येतूनच वगळले आहे. मामा तलाव मुळात धानाच्या ओलितासाठी बांधलेले. म्हणजे ज्या पाण्यात कमळ, शिंगाडा आणि हिवाळी बदके असतात, ते कागदावर पाणथळच नाही!

प्रत्यक्ष काम मे महिन्यात सुरू होते. तलावाची पाळ (भंडाऱ्याकडे ‘पार’) आणि काठ बेशरम नावाच्या झुडपांनी वेढलेला असतो. ही झुडपे नुसती छाटून चालत नाही. छाटलेली फांदी ओल्या मातीत पडली की पुन्हा मूळ धरते, म्हणून मुळासकट उपटून पाळीपलीकडे वाळवावी लागते. मग कोरड्या पडलेल्या बुडाचा काही भाग नांगरतात. पाऊस पडून पाणी साठले की चांगल्या तलावातून आणलेल्या पाणवनस्पती चिखलात रोवतात. गोंदियाच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात हे काम ढिवर महिलांनी पुढाकार घेऊन केले. कोणत्या वनस्पतीच्या आडोशाला कोणता मासा अंडी घालतो हे ढिवरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मरळ, मागुर, शिंगी यांना झाडोरा हवा; ठेक्यासाठी सोडलेल्या रोहू-कतल्याला तो नसला तरी चालते, आणि गवत्या मासा तर झाडोरा खाऊनच टाकतो. म्हणून काही ठिकाणी गवत्या मासा सोडायचा नाही, असे संस्थेकडून आधी कबूल करून घेतात.

काठच्या उथळ पाण्यातल्या देवधानाचेही तसेच. या रानभाताचे दाणे पिकताच झडतात, त्यामुळे विळा न लावता लोंब्या टोपलीत झोडून घ्यायच्या. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे अन्न चालत नाही. तेव्हा आदल्या हंगामाच्या देवधानाला मान येतो. गाळपेरीचा नांगर आधी याच्याच मुळावर येतो.

ही सारी माहिती लोक जैवविविधता नोंदवहीत उतरवणे हे समितीचे मुख्य कर्तव्य. पण २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० पर्यंतची मुदत घातली आणि पुढे राज्यांना दरमहा १० लाख रुपये भरावे लागतील असे बजावले. मग नोंदवह्यांची घाई झाली. घाईच्या नोंदवहीत शेजारच्या गावाचीच यादी उतरलेली असते. ढिवराला बोलावून लिहिलेली वही पहिल्या पानावरच ओळखू येते.

गायरान महसूल खात्याचे, देखभाल ग्रामपंचायतीची. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामायिक जमिनी व तळी मोकळी करण्यास सांगितले; त्याच वर्षी राज्याने गायरानाबाबत शासन निर्णय काढला. तरी अतिक्रमणाचा अर्ज तलाठी, तहसील आणि पंचायत यांच्यात फिरत राहतो. वनालगतच्या गावांना मात्र वनहक्क कायदा, २००६ ची जोड आहे. त्यात चराईबरोबर पाण्यातल्या मासळीवरचाही सामूहिक हक्क येतो. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. अशा गावांत जंगल राखणारी सामूहिक वनहक्क व्यवस्थापन समिती वेगळी आणि जैवविविधता समिती वेगळी. माणसे बहुतेक तीच.

व्यापारासाठी जैविक संसाधने नेणाऱ्यांकडून समितीला शुल्क घेता येते आणि ते स्थानिक जैवविविधता निधीत जमा करायचे असते.