कारखान्यातला बीआय डॅशबोर्ड

बीआय म्हणजे बिझनेस इंटेलिजन्स. कंपनीचा डेटा दहा ठिकाणी पडलेला असतो, थोडा ईआरपीत (कंपनीचे सगळे व्यवहार नोंदवणारं सॉफ्टवेअर), थोडा मशीनच्या कंट्रोलरमध्ये, उरलेला कुणाच्या तरी एक्सेलमध्ये, तो सगळा एकत्र करून एका स्क्रीनवर दाखवणारा फलक म्हणजे डॅशबोर्ड. मूळ डॅशबोर्ड ही घोडागाडीच्या पुढची फळी, चिखल अंगावर उडू नये म्हणून लावलेली. आयबीएमच्या हान्स पीटर लून यांनी १९५८ मध्ये बिझनेस इंटेलिजन्स सिस्टिमवर लेख लिहिला, पण आजच्या अर्थाने हा शब्द १९८९ नंतर हॉवर्ड ड्रेसनर यांच्यामुळे रुळला. डॅशबोर्ड बनवायला सध्या पॉवर बीआय, टॅब्लो, झोहो अ‍ॅनालिटिक्स ही सॉफ्टवेअर जास्त चालतात, आणि लायसन्सचा खर्च नको असेल तर मेटाबेस किंवा अपाची सुपरसेट.

चार्ट काढणं सोपं असतं. खरा वेळ जातो डेटा साफ करण्यात, कारण एकाच पार्टला स्टोअरमध्ये एक कोड, क्वालिटीत दुसरा, आणि डिस्पॅचवाले तिसऱ्याच नावाने ओळखतात, हे जुळवल्याशिवाय पुढचं काही खरं नाही.

चाकण-भोसरीकडे गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या युनिटमध्ये डॅशबोर्डवर सगळ्यात वर बहुतेक ओईई असतो, म्हणजे मशीनची एकूण परिणामकारकता. समजा शिफ्ट ४८० मिनिटांची, त्यात मशीन ८० मिनिटं बंद, म्हणजे चाललं ४०० मिनिटं. मिनिटाला एक या हिशेबाने ४०० नग व्हायला हवेत, झाले ३६०, त्यातले चांगले ३४२. म्हणजे उपलब्धता ८३.३ टक्के, वेग ९० टक्के, क्वालिटी ९५ टक्के, तिन्हींचा गुणाकार साधारण ७१ टक्के. नुसत्या ७१ वरून काहीच करता येत नाही, तो फोडून बघितला की कळतं की मोठं नुकसान त्या ८० मिनिटांत आहे.

आणि ती ८० मिनिटं कशात गेली हे ऑपरेटरच सांगू शकतो. मी ज्या युनिटमध्ये हे काम केलं तिथे बंद वेळेच्या कारणांच्या चार्टमध्ये सगळ्यात उंच खांब 'इतर'चा होता, महिनाभर आम्ही तो मीटिंगमध्ये बघत बसलो. शेवटी मशीनपाशी जाऊन उभा राहिलो तेव्हा दिसलं की स्क्रीनवर चाळीस कारणांची यादी होती, बटणं बारीक, हातात तेलकट हातमोजे, आणि 'इतर' सगळ्यात वर. यादी सहावर आणली, बटणं मोठी केली, 'इतर' काढूनच टाकलं. पुढच्या आठवड्यात उंच खांब होता 'फोर्कलिफ्टची वाट', ज्याच्याबद्दल मेंटेनन्सला रोज उगाच बोलणी बसत होती. माझ्या मते ऑपरेटरला विचारल्याशिवाय कारणांची यादी बनवूच नये.

टोयोटाचा अँडॉन बोर्ड, म्हणजे लाईनवर कुठे अडचण आहे ते दाखवणारा दिव्यांचा फलक, या सगळ्याच्या आधीचा, त्यावर दिवा लागला की टीम लीडर लगेच त्या जागेवर पोचतो. डॅशबोर्डलाही हेच लागू आहे, आकडा लाल झाला की कोण उठणार हे आधीच ठरलेलं हवं, नाहीतर लाल रंगाचीही सवय होते.

डेटा शेवटचा कधी अपडेट झाला ती वेळ स्क्रीनच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरात हवीच. आमच्याकडे एकदा सर्व्हरकडून डेटा यायचा थांबला आणि अख्खी दुसरी शिफ्ट सगळे पहिल्या शिफ्टचा हिरवा आकडा बघून निवांत होते.