लेटेक्स गादी : निवड आणि जुळवणी

लेटेक्स गादी ही रबराच्या चिकापासून बनवलेल्या जाळीदार, लवचिक फोमची गादी असते. हा चीक ‘हेविया ब्राझिलिएन्सिस’ या झाडाच्या सालीला खाच पाडून गोळा करतात किंवा स्टायरीन आणि ब्युटाडाइन यांच्यापासून कारखान्यात तयार करतात. बाजारातल्या अनेक गाद्यांत दोन्हींचे मिश्रण असते. वजन पडताच दबणे आणि वजन हलताच लगेच पूर्ववत होणे, हा या फोमचा मुख्य गुण. मेमरी फोममध्ये शरीर हळूहळू रुतते आणि कूस बदलली तरी खळगा थोडा वेळ तसाच राहतो. लेटेक्सवर असा खळगा राहत नाही, त्यामुळे कूस बदलणे सोपे जाते. हाच गुण काहींना पहिल्या रात्रीपासून आवडतो, तर काहींना गादी आपल्याला वर ढकलते आहे असे वाटत राहते. म्हणूनच लेटेक्स गादीची निवड खरेदीच्या दिवशी पूर्ण होत नाही. पुढचे काही आठवडे शरीर गादीला आणि गादी शरीराला जुळवून घेत असते, आणि गरज पडल्यास थर, उशी किंवा खोळ बदलून ही जुळवणी पुरी करावी लागते.

घडण

झाडातून निघालेल्या चिकात साधारण एक तृतीयांश रबर असते, बाकी बहुतेक पाणी. अपकेंद्री यंत्रात फिरवून रबराचे प्रमाण ६० टक्क्यांपर्यंत नेतात आणि चीक नासू नये म्हणून त्यात अमोनिया घालतात. नुसते रबर उष्णतेने चिकट आणि थंडीने ताठर होते. गंधकासह तापवले की ते टिकाऊ आणि लवचिक बनते, हे चार्ल्स गुडइयर यांना १८३९ मध्ये आढळले. ही व्हल्कनीकरणाची क्रिया आजही प्रत्येक लेटेक्स गादीच्या मुळाशी आहे. चिकाला फेस आणून तो साच्यात ओतायचा आणि त्याच अवस्थेत पक्का करायचा, ही पद्धत १९२९ मध्ये इंग्लंडमधील डनलॉप रबर कंपनीच्या प्रयोगशाळेत विकसित झाली. तिला डनलॉप पद्धत म्हणतात. दुसरी पद्धत तालालय कुटुंबाच्या नावाने ओळखली जाते. तीत साचा अर्धवटच भरतात, निर्वात पोकळी निर्माण करून फेस साचाभर पसरवतात, मग तो गोठवतात, त्यातून कार्बन डायऑक्साइड सोडून घट्ट करतात आणि शेवटी तापवतात.

डनलॉप फोम दाट असतो. घट्ट होण्याआधी त्यातले जड कण थोडे खाली बसतात, त्यामुळे एकाच थराची खालची बाजू वरच्या बाजूपेक्षा किंचित कडक निघते. तालालय फोमच्या पेशी सर्वत्र सारख्या असतात. तो वजनाला हलका आणि हाताला अधिक मऊ लागतो. यातली एक पद्धत श्रेष्ठ आणि दुसरी कनिष्ठ, असा विक्रीतला सूर निराधार आहे. खाली डनलॉपचा आधार आणि वर तालालयचा मऊ थर अशी रचना अनेकांना सोयीची पडते, पण मऊ डनलॉप आणि कडक तालालय या दोन्ही गोष्टी मिळतात.

दोन्ही पद्धतींत साच्यात बारीक खिळ्यांच्या रांगा असतात. त्यांच्यामुळे आतपर्यंत उष्णता पोचते आणि फोममध्ये उभी छिद्रे तयार होतात. गादीच्या वेगवेगळ्या भागांत छिद्रांचा आकार बदलला की तो भाग मऊ किंवा कडक होतो. खांदा, कंबर, खुबा यांच्यासाठी वेगळे पट्टे असलेल्या गाद्या अशाच बनतात. मात्र हे पट्टे एका ठरावीक उंचीच्या माणसाचा विचार करून आखलेले असतात. फार उंच किंवा ठेंगण्या व्यक्तीचा खांदा मऊ पट्ट्यावर न पडता शेजारच्या कडक पट्ट्यावर पडू शकतो. अशांसाठी सलग, एकसारखा थर हाच अधिक भरवशाचा पर्याय.

‘शंभर टक्के नैसर्गिक’ म्हटलेल्या गादीतही गंधक, झिंक ऑक्साइड आणि साबण यांचा थोडा अंश असतोच, कारण त्यांच्याशिवाय फोम तयार होत नाही. खरी फसगत होते ती वेगळ्या ठिकाणी. वरचा पातळ थर नैसर्गिक लेटेक्सचा आणि खालचा सगळा भाग साध्या पॉलियुरेथेन फोमचा, अशी गादीही लेटेक्स गादी म्हणूनच विकली जाते. प्रत्येक थराची जाडी, त्यातला पदार्थ आणि कडकपणा लेखी मागून घेणे हा यावरचा साधा उपाय. ‘गोल्स’ हे प्रमाणपत्र सेंद्रिय लेटेक्सबद्दल असते. ‘ओको-टेक्स स्टँडर्ड १००’ हे हानिकारक रसायनांच्या मर्यादेबद्दल असते, गादी नैसर्गिक आहे असे ते सांगत नाही.

मऊपणा आणि आधार

गादी निवडताना सर्वाधिक गोंधळ इथे होतो. मऊपणा म्हणजे पाठ टेकताच वरचा पृष्ठभाग किती दबतो ते. आधार म्हणजे दबत दबत गेल्यावर गादी शरीराचा जड भाग, मुख्यतः ओटीपोट आणि खुबे, कुठे थोपवून धरते ते. या दोन गोष्टी स्वतंत्र आहेत. एखादी गादी वरून मऊ असूनही उत्तम आधार देऊ शकते, आणि एखादी दगडासारखी कडक गादी कंबरेची पोकळी तशीच अधांतरी ठेवून पाठ दुखवू शकते.

फोमचा कडकपणा आयएलडी या अंकाने सांगतात. १० सेंटिमीटर जाडीच्या तुकड्यावर ५० चौरस इंचांची गोल चकती दाबत नेतात. तुकडा मूळ जाडीच्या २५ टक्के दबण्यासाठी जितके पौंड बल लागते, तितका त्याचा आयएलडी. ढोबळमानाने २० पेक्षा कमी अंक म्हणजे मऊ, विशीतला मध्यम, तिशीतला कडक आणि चाळिशीच्या पुढचा फार कडक. सर्व उत्पादक मोजणी एकाच पद्धतीने करत नाहीत, म्हणून दोन वेगळ्या उत्पादकांचे अंक एकमेकांशी ताडून पाहण्यात फारसा अर्थ नाही. एकाच उत्पादकाचे थर निवडताना मात्र हे अंक फार उपयोगी पडतात.

लेटेक्सची खासियत पुढे आहे. तुकडा २५ टक्क्यांऐवजी ६५ टक्के दाबायचा झाला, तर साध्या पॉलियुरेथेन फोमला जवळपास दुप्पट बल लागते. लेटेक्सला साधारण तिप्पट. म्हणजे वरवर मऊ लागणारे लेटेक्स खोलवर जाताना लवकर घट्ट होत जाते आणि खुब्याला बुडू देत नाही. त्यामुळे दुसऱ्या प्रकारच्या गादीवर ज्याला ‘मध्यम’ हवी असते, त्याने लेटेक्समध्येही तोच शब्द धरून बसू नये. त्याला मऊ थरसुद्धा पुरेसा आधार देऊ शकतो.

पाठदुखीवर कडक गादीच चांगली हा समज जुना आणि चिवट आहे. स्पेनमध्ये दीर्घकालीन कंबरदुखी असलेल्या ३१३ प्रौढांवर झालेली चाचणी २००३ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. ९० दिवसांनंतर मध्यम-कडक गादीवर झोपणाऱ्यांचा त्रास कडक गादीवर झोपणाऱ्यांपेक्षा जास्त कमी झालेला आढळला. ती चाचणी लेटेक्सची नव्हती, पण ‘जितकी कडक तितकी बरी’ हा सल्ला डोळे झाकून देता येणार नाही, इतके तिने निश्चित दाखवले.

शरीर आणि झोपण्याची ढब

कुशीवर झोपणाऱ्याचे वजन खांदा आणि खुबा या दोन अरुंद जागांवर येते. खांदा आत जायला जागा मिळाली नाही, तर हात बधिर होतो, मान वाकडी राहते आणि रात्रभर कूस बदलणे चालते. अशा व्यक्तीला वर ७–८ सेंटिमीटरचा मऊ थर लागतो. उताणे झोपणाऱ्याला ५ सेंटिमीटरच्या आसपासचा मध्यम थर पुरतो. त्याच्या बाबतीत पाहायचे ते एवढेच की कंबरेची कमान भरली जाते का. पालथे झोपणाऱ्याचे ओटीपोट खाली गेले की कंबर उलटी वाकते, म्हणून त्याच्यासाठी वरचा थर पातळ आणि कडक असावा.

यावर वजनाचा परिणाम होतो. ५० किलोची व्यक्ती ज्या गादीला कडक म्हणते, तीच ९० किलोच्या व्यक्तीला मऊ वाटते, कारण ती त्या गादीच्या खालच्या थरापर्यंत पोचते. हलक्या व्यक्तीला १५ सेंटिमीटर जाडीही पुरू शकते. जड व्यक्तीला २०–२५ सेंटिमीटर लागते. एकाच पलंगावर झोपणाऱ्या दोघांच्या वजनात मोठा फरक असेल, तर आतले थर मधोमध विभागलेली गादी घ्यावी. प्रत्येकाच्या बाजूला हवा तसा थर घालता येतो, आणि लेटेक्सचे थर एकमेकांवर सहसा सरकत नसल्याने त्यांना डिंक लावायचीही गरज नसते. सुटे थर आणि चेन असलेली खोळ ही रचना सगळ्याच नवख्या खरेदीदारांना सुचवावीशी वाटते: अंदाज चुकला तर एक थर बदलतो, पूर्ण गादी नाही.

दुकानात गादीच्या कडेवर बसून किंवा तळहाताने दाबून काहीच कळत नाही. नेहमीच्या ढबीत, नेहमीच्या उंचीची उशी घेऊन पंधरा मिनिटे पडून राहावे. उताणे असताना कंबरेखाली हात सहज आरपार जात असेल तर गादी त्या व्यक्तीला कडक; हात घालणेच अवघड होत असेल आणि खुबे खाली गेल्यासारखे वाटत असतील तर मऊ. कुशीवर असताना सोबतच्या माणसाने मागून पाहावे: मानेपासून माकडहाडापर्यंत पाठीचा कणा जमिनीला समांतर, सरळ रेषेत दिसला पाहिजे.

सवयीचे आठवडे

नवी लेटेक्स गादी पहिल्या काही आठवड्यांत किंचित सैल होते. शरीराला लागणारा वेळ बहुधा त्याहून जास्त असतो. जुन्या, खड्डा पडलेल्या गादीवर वर्षानुवर्षे झोपलेल्या माणसाचे स्नायू त्या वाकड्या स्थितीला सरावलेले असतात. सरळ आधार मिळाल्यावर सुरुवातीला अंग आंबून येऊ शकते. सौम्य अवघडलेपणा असेल आणि तो आठवड्यागणिक कमी होत असेल, तर थांबावे. वेदना तीव्र असेल, वाढत असेल किंवा पायात मुंग्या येत असतील, तर सवयीच्या नावाखाली ती सोसू नये. असे दुखणे डॉक्टरांना दाखवावे.

दुखण्याची जागा आणि वेळ बरेच काही सांगते. खांदा, खुब्याचा बाहेरचा भाग किंवा हात दुखत असेल तर वरचा थर कडक किंवा अपुरा. सकाळी कंबर धरलेली असेल आणि उठून हिंडल्यावर मोकळी होत असेल, तर बहुधा खुबे खाली जात आहेत; वरचा थर पातळ करावा किंवा मधला थर कडक घालावा. दोन खांद्यांच्या मध्ये किंवा मानेत दुखत असेल, तर गादीला हात लावण्याआधी उशी पाहावी. मऊ थरात खांदा आत गेला की डोके आणि गादी यांच्यातले अंतर कमी होते, आणि जुन्या गादीवर योग्य असलेली उशी आता उंच पडते. केवळ पातळ उशीने सुटणाऱ्या मानेच्या तक्रारीवर लोक गादी परत करतात, हे अनेकदा घडते.

एका वेळी एकच बदल करावा आणि त्याला किमान आठवडा द्यावा. उशी, थर आणि खोळ एकाच रात्री बदलली तर गुण कशाने आला ते समजत नाही. सुट्या थरांच्या गादीत काहीही विकत न घेता थरांचा क्रम बदलून पाहता येतो; डनलॉपचा थर उलटा केला तरी स्पर्शात फरक पडतो. गादी थोडीशीच कडक असेल तर वर टॉपर, म्हणजे गादीवर अंथरायचा पातळ सुटा थर, टाकून काम भागते. फार मऊ गादीवर कडक टॉपर टाकणे मात्र व्यर्थ, कारण टॉपरही खालच्या थराबरोबर वाकतो. परतीची मुदत किती आणि ती मोजायला कधी सुरुवात होते, हे खरेदीच्या वेळीच विचारून ठेवावे.

खोळीकडे सहसा दुर्लक्ष होते. जाड, न ताणली जाणारी शिवणीची खोळ किंवा घट्ट ताणलेली चादर पृष्ठभागावर ताण निर्माण करते आणि शरीर झोळीत पडल्यासारखे तोलले जाते. खालचे मऊ लेटेक्स मग कामालाच येत नाही. गादी अकारण कडक वाटत असेल तर एक रात्र खोळ काढून, फक्त सैल चादर टाकून झोपून पाहावे. ताणली जाणारी विणलेली खोळ आणि पातळ संरक्षक आवरण लेटेक्सला सर्वांत मानवते.

नव्या गादीला येणारा रबराचा वास हवेशीर खोलीत काही दिवसांत ते आठवड्यांत विरतो. लेटेक्सच्या हातमोज्यांनी किंवा फुग्यांनी ज्यांना ॲलर्जी होते, त्यांनी खरेदीपूर्वी डॉक्टरांशी बोलावे. निर्मितीत फोम धुतला जातो आणि ॲलर्जी आणणारी प्रथिने बरीच निघून जातात, तरी ती पूर्ण जातीलच असे नाही.

पलंग आणि निगा

लेटेक्स जड असते. दीड मीटर रुंद, दोन मीटर लांब आणि २० सेंटिमीटर जाड गादीचे वजन ८० किलो प्रतिघनमीटर घनतेला ४८ किलो भरते. पलंग तेवढा भक्कम हवा आणि रुंद पलंगाला मधोमध पाय हवा. पलंगाच्या लाकडी किंवा धातूच्या पट्ट्यांमधले अंतर ७–८ सेंटिमीटरपेक्षा जास्त असू नये, नाहीतर फोम फटींत उतरतो. सलग फळीवर किंवा थेट जमिनीवर ठेवल्यास खालची हवा कोंडते, ओल धरते आणि बुरशी येते.

फोम ओढाताणीत सहज फाटतो. थर हलवताना कडा चिमटीत धरून खेचू नये. दोघांनी खालून हात घालून तो उचलावा किंवा चादरीवर घेऊन सरकवावा. कापसाची गादी उन्हात टाकतात तशी लेटेक्सची टाकू नये. सूर्यप्रकाश आणि ओझोन रबराचे रेणू तोडतात. उघडा फोम पिवळा पडतो, मग कडक होतो आणि बोटांनी चोळल्यावर भुगा सुटतो. उष्णतेनेही हाच ऱ्हास वेगाने होतो, म्हणून विजेवर तापणारी चादर रोजची सवय करू नये. वारा द्यायचा तर सावलीत. ओला डाग ओलसर फडक्याने टिपून घ्यावा; फोम पाण्यात भिजवला तर आतून वाळायला फार वेळ घेतो.

पहिल्या वर्षी दर दोन-तीन महिन्यांनी आणि नंतर वर्षातून दोनदा गादीची डोक्याकडची बाजू पायांकडे करावी. बहुतेक वेळा वरचा मऊ थर आधी थकतो. निजण्याच्या जागी, कोणी झोपलेले नसताना, काठीची सरळ कड ठेवून पाहिली आणि खाली दोन-अडीच सेंटिमीटरचा खोलगा दिसला तर तो थर बदलण्याची वेळ आली असे समजावे. खालचे आधाराचे थर तेव्हाही बहुधा चांगल्या स्थितीत असतात.