रोगप्रतिकारक पेशींचे मरण : एका वर्गीकरणाची पार्श्वभूमी

अपॉप्टोसिसचे, म्हणजे पेशीच्या नियोजित मरणाचे, १९७२ मधील वर्णन सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या रूपावर बेतलेले होते : पेशी आक्रसते, केंद्रकाचे तुकडे होतात, पेशीचे आवरण शाबूत राहते आणि दाह (सूज, लाली) न होता अवशेषांची विल्हेवाट लागते. १९८० मध्ये स्टेरॉइड दिलेल्या थायमस-पेशींतील डीएनए ठरावीक अंतरांवर तुटतो असे दिसले आणि तीच पुढे या मरणाची ओळखखूण झाली.

खरा गुंता १९९२ मध्ये सुरू झाला. रक्ती आव घडवणाऱ्या शिगेला जिवाणूची लागण झालेल्या भक्षक पेशी (जंतू गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) मरताना पाहून त्या मरणाची नोंद अपॉप्टोसिस अशी झाली. डीएनए तुटलेला होता, त्यामुळे त्या काळच्या कसोट्यांनुसार निष्कर्ष गैर नव्हता. मात्र याच पेशी दाह पेटवणारे इंटरल्युकिन-१ बीटा हे संदेशवाहक प्रथिन बाहेर सोडत होत्या आणि त्यांचे मरण कॅस्पेज-१ या एन्झाइमवर अवलंबून असल्याचे पुढे स्पष्ट झाले. ज्या मरणाचे लक्षणच दाह न होणे, त्याच्या खात्यात हे मरण जमा करणे माझ्या मते तेव्हाच खटकायला हवे होते. अशा दाहक मरणाला पायरोप्टोसिस हे वेगळे नाव २००१ मध्ये मिळाले, तरी पुढची कित्येक वर्षे दोन्ही नावे सरमिसळ वापरली गेली.

त्यात उंदरांची भर पडली. कॅस्पेज-१ चे जनुक काढून टाकलेल्या ज्या उंदरांवर हे सारे संशोधन उभे होते, त्यांच्यात शेजारचे कॅस्पेज-११ चे जनुक देखील निकामी असल्याचे २०११ मध्ये उघड झाले. मूळ वाणातच तो दोष होता आणि दोन्ही जनुके इतकी लगत आहेत की पिढ्यान्‌पिढ्या संकर करूनही ती वेगळी होत नव्हती. जिवाणूंच्या आवरणातील एंडोटॉक्सिन या विषामुळे येणाऱ्या प्राणघातक आघाताचे जे श्रेय कॅस्पेज-१ ला दिले जात होते, ते मुख्यतः कॅस्पेज-११ चे निघाले. जुने निबंध वाचताना हा खुलासा हाताशी ठेवावाच लागतो.

२०१५ मध्ये गॅस्डर्मिन-डी या प्रथिनाची या मरणातील भूमिका सापडली. ही कॅस्पेज एन्झाइमे त्याचे दोन तुकडे करतात आणि त्यांतला एक तुकडा पेशीच्या आवरणाला छिद्रे पाडतो. त्यानंतर पायरोप्टोसिसची व्याख्या रूपावरून किंवा कॅस्पेज-१ वरून न करता या छिद्रांवरून होऊ लागली. छिद्रे पडली की आवरण आपोआप फाटते, हा समजही २०२१ मध्ये मागे पडला, कारण ते फाडण्यासाठी निन्जुरिन-१ हे निराळे प्रथिन लागते.