पिकअप घेताय? मग पेलोड आणि टोइंग कपॅसिटी यांची गल्लत करू नका

पिकअप घ्यायचं डोक्यात आलं की माणूस आधी एकच आकडा विचारतो, ही ओढते किती? कंपन्यापण तोच आकडा जाहिरातीत मोठ्ठा लिहितात, ३५०० किलो टोइंग वगैरे. मग आपण मनात हिशोब करतो की आपला ट्रेलर भरून १८०० किलोच होतो, म्हणजे निम्मीच ताकद लागणार, झालं काम. पण त्याच गाडीला पेलोड नावाचा अजून एक आकडा असतो, तो माहितीपत्रकात कुठेतरी बारीक अक्षरात पडलेला असतो, आणि रोज फिरायला आणि अधूनमधून हलका ट्रेलर ओढायला गाडी घेणाऱ्याचं घोडं बहुतेक वेळा याच आकड्यापाशी अडतं.

सरळ सांगायचं तर पेलोड म्हणजे गाडी स्वतःच्या अंगावर किती वजन पेलते, आणि टोइंग कपॅसिटी म्हणजे मागे स्वतःच्या चाकांवर चालणारं किती वजन ओढते. पाठीवर पोतं घेणं आणि हातगाडी ओढणं यात जो फरक, तोच. ५० किलोच्या पोत्याखाली वाकणारा माणूस सपाट रस्त्यावर २०० किलोची हातगाडी आरामात ओढतो, कारण ते वजन चाकांवरून जमिनीत जातं, त्याच्या कण्यावर येत नाही.

म्हणूनच दोन्ही आकडे ठरतात वेगवेगळ्या गोष्टींनी. पेलोड ठरतो पाटे, अ‍ॅक्सल, टायर आणि चासी यांच्यावर: भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त मंजूर वजन, ज्याला जीव्हीएम म्हणतात, त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की उरतो तो पेलोड. टोइंगमध्ये इंजिन, गिअरबॉक्स, फायनल ड्राइव्हचा (चाकांच्या आधीच्या शेवटच्या गिअरचा) रेशो, कूलिंग, ब्रेक आणि हिच, म्हणजे ट्रेलर अडकवायची जोडणी, जिथे बसते तिथली मजबुती हे सगळं येतं. याचं फार स्वच्छ उदाहरण म्हणजे फोर्ड मॅव्हरिक ही छोटी अमेरिकन पिकअप. २०२२ च्या मॉडेलला कंपनीचा जास्तीत जास्त पेलोड १५०० पौंड होता, म्हणजे साधारण ६८० किलो, आणि टोइंग २००० पौंड, म्हणजे ९०० किलोच्या आसपास. टर्बो इंजिनवर टोइंगचं पॅकेज घेतलं की तेच टोइंग ४००० पौंड होतं, सरळ दुप्पट! काय बदललं, तर गिअरबॉक्सचा ऑइल कूलर, मोठा रेडिएटर फॅन, फायनल ड्राइव्ह, ट्रेलर ब्रेकचा कंट्रोलर अशा गोष्टी. ओढायची ताकद दुप्पट झाली म्हणून हौद्यात दुप्पट पोती टाकता येत नाहीत, पेलायची ताकद होती तिथेच राहिली.

आता मुख्य मुद्दा, आणि इथेच बहुतेकांची चूक होते. हे दोन आकडे वेगळे असले तरी एकमेकांना चिकटलेले आहेत, कारण ट्रेलरचं सगळं वजन त्याच्या चाकांवर नसतं, त्यातलं काही हिचच्या बॉलवर, म्हणजे ट्रेलर ज्या लोखंडी गोळ्यावर अडकतो त्यावर, येऊन बसतं. त्याला टंग वेट म्हणतात, काही देशांत बॉल वेट, आणि ते वजन गाडीच्या पेलोडमधून कापलं जातं. मागे लटकलंय म्हणून ते टोइंगच्या खात्यात जाईल असं वाटतं, पण पाट्यांच्या दृष्टीनं ती हौद्यात ठेवलेली पोतीच असतात.

आकडे घालून बघू. समजा गाडीचा पेलोड ७०० किलो आणि टोइंग ३००० किलो आहे. आत चार माणसं बसली, सगळे मिळून २८० किलो. हौद्यावर कॅनॉपी, म्हणजे वरचं टपासारखं झाकण, बसवलंय, त्याचे ६० किलो. हिचचं लोखंड २५ किलो. बॅगा, पाणी, टूलबॉक्स असं मिळून ८० किलो. झाले ४४५, उरले २५५ किलो. ट्रेलरच्या वजनाच्या १० टक्के बॉलवर धरले तर या गाडीला जास्तीत जास्त २५५० किलोचा ट्रेलर चालेल, आणि १२ टक्के धरले तर २१२५ चा. जाहिरातीतला ३००० चा आकडा कागदावरच राहिला, इंजिनात ताकद असूनसुद्धा, आणि अजून हौद्यात खरंखुरं सामान टाकलेलंच नाही. एखाद्यानं मागे जनरेटर आणि दोन सायकली टाकल्या की ट्रेलर आणखी हलका करावा लागणार.

माणसं पेलोडमध्ये धरायची हे अनेकांच्या ध्यानात येत नाही, त्यांना पेलोड म्हणजे हौद्यातला माल एवढंच वाटतं. अमेरिकन गाड्यांच्या ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते स्पष्ट लिहिलेलं असतं, त्यात ड्रायव्हरपण आला. युरोपच्या पद्धतीत गाडीच्या वजनातच ७५ किलोचा ड्रायव्हर धरलेला असतो. म्हणजे एकाच आकड्याचे दोन अर्थ होऊ शकतात, तेव्हा कुठल्या पद्धतीचा आकडा आहे ते आधी विचारा.

मग बॉलवर वजन कमीच ठेवू की, ट्रेलरमधलं सामान मागे सरकवू, असं कुणालाही सुचेल. कृपा करून हे करू नका. बैलगाडीत मागे ओझं जास्त झालं की गाडी उलाळते, जू वर उचललं जातं आणि बैलांचा ताबा जातो. ट्रेलरचंही तसंच आहे, फक्त इथे वेग ताशी ८० किलोमीटर असतो. मागे जड असलेला ट्रेलर डावी-उजवीकडे झुलायला लागतो, आणि एका वेगानंतर ते झुलणं आपोआप थांबत नाही, उलट वाढत जातं, आणि तो पुढच्या गाडीची शेपटी धरून हलवतो. मी एकदा उसन्या ट्रेलरमध्ये फर्निचर नेत होतो, जड कपाट दाराजवळ म्हणजे अगदी मागे ठेवलं होतं कारण उतरवायला सोपं, आणि उतारावर स्टिअरिंग हातात असून गाडी माझ्या हातात नाही असं जे वाटलं ते आजही विसरलेलो नाही. अ‍ॅक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं, वेग हळूहळू उतरला तेव्हा ट्रेलर शांत झाला. मग बाजूला थांबून कपाट पुढे घेतलं आणि उरलेला रस्ता तोच ट्रेलर गुपचूप मागे आला. म्हणून जड सामान चाकांच्या थोडं पुढे, साधारण ६० टक्के वजन ट्रेलरच्या पुढच्या अर्ध्या भागात. अमेरिकेत बॉलवर १० ते १५ टक्के सांगतात, युरोपातल्या हलक्या ट्रेलरना त्याहून कमी, ५ ते ७ टक्क्यांच्या आसपास, कारण तिथे ट्रेलरची रचना आणि वेगमर्यादा वेगळ्या आहेत. तुमच्या हिचवर आणि ट्रेलरवर जी मर्यादा लिहिलीय ती पाळायची.

अजून एक गंमत तरफेची आहे. बॉल मागच्या चाकांच्याही मागे असतो, त्यामुळे तिथले २०० किलो मागच्या अ‍ॅक्सलला २०० पेक्षा जास्त जाणवतात. समजा दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर ३.२ मीटर आणि बॉल मागच्या अ‍ॅक्सलपासून १.२ मीटर मागे, तर मागच्या अ‍ॅक्सलवर २७५ किलो वाढतात आणि पुढच्यावरून ७५ किलो उचलले जातात. स्टिअरिंग पुढच्या चाकांत, ब्रेकिंगचा मोठा वाटा पुढच्या चाकांत, आणि नेमकी तीच हलकी होतात. म्हणजे एकूण पेलोडच्या आत असूनही मागच्या अ‍ॅक्सलची मर्यादा ओलांडली जाऊ शकते, तीपण वेगळी लिहिलेली असते. वेट डिस्ट्रिब्यूशन हिच नावाचा प्रकार मिळतो, तो स्प्रिंगच्या दांड्यांनी थोडं वजन परत पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरच्या अ‍ॅक्सलवर ढकलतो, गाडी सपाट उभी राहते, पण त्यानं गाडीचा मंजूर पेलोड वाढत नाही. पाट्यांच्या जोडीला हवेचे फुगे (एअर बॅग) किंवा जादा पाटे टाकून गाडीची शेपटी वर आली म्हणून क्षमता वाढली असं समजणारे पण खूप भेटतात. चासी, टायर, ब्रेक तेच आहेत ना. टायरवर लोड इंडेक्स असतो, ११२ म्हणजे एका टायरला ११२० किलो, त्यावरचं वजन पाट्यांना झेपलं तरी टायरला नाही झेपणार.

तिसरा आकडा जीसीएम, म्हणजे गाडी आणि ट्रेलर दोन्ही भरलेले मिळून किती. समजा गाडीचा जीव्हीएम ३२०० आहे, टोइंग ३५०० आहे, दोन्हीची बेरीज ६७०० होते, आणि जीसीएम लिहिलाय ६०००. याचा अर्थ गाडी काठोकाठ भरली की ट्रेलर २८०० चाच. दोन्ही कमाल आकडे एकाच वेळी वापरता येतील असं कुणी सांगितलेलंच नसतं, आपणच धरून चालतो.

शोरूममध्ये फिरताना सगळ्यात फसवी गोष्ट सांगतो. एकाच मॉडेलमध्ये सगळ्यात भारी व्हेरियंट सगळ्यात जास्त पेलत असेल असं वाटतं, पण बहुतेक वेळा उलटं असतं. जीव्हीएम तोच किंवा जवळपास तोच ठेवून कंपनी त्यात सनरूफ, इलेक्ट्रिक सीट, मोठी केबिन, फोर बाय फोर, मोठं डिझेल इंजिन घालते, ते सगळं वजन पेलोडमधूनच जातं. मोठ्या इंजिनामुळे टोइंगचा आकडा वर जातो आणि त्याच इंजिनाच्या वजनामुळे पेलोड खाली. म्हणजे जास्त ओढणारी गाडी कमी पेलणारी निघू शकते, त्याच शोरूममध्ये, त्याच नावाची. म्हणून माहितीपत्रकात पेलोडपुढे 'जास्तीत जास्त' हा शब्द दिसला की तो सगळ्यात साध्या व्हेरियंटचा आकडा आहे असं धरा, आणि जी गाडी प्रत्यक्ष घेणार तिच्या दारावरचा स्टिकर किंवा प्लेट वाचा.

टोइंगच्या आकड्यावर विश्वास किती ठेवायचा, तर आता पूर्वीपेक्षा बराच. आधी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीनं ठरवायची, मग एसएई या अमेरिकेतल्या वाहन इंजिनिअरांच्या संस्थेचं जे२८०७ नावाचं स्टँडर्ड आलं, २००८ मध्ये. त्यात अ‍ॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या घाटाची चढण आहे, ११.४ मैलांची, उन्हाळ्याच्या उष्णतेत, एसी फुल चालू ठेवून, ठराविक वेगाच्या खाली न जाता चढायची. टोयोटानं २०११ च्या टुंड्राला ते सगळ्यांच्या आधी लावलं आणि त्या गाडीचे आकडे खाली आले. पण त्या चाचणीतसुद्धा गाडीत ड्रायव्हर आणि एक पॅसेंजर एवढेच धरतात, प्रत्येकी १५० पौंड. चार माणसं, कुत्रा आणि भरलेला हौदा त्यात नाही.

रोजच्या वापराचं बोलायचं तर इथे माझं मत जरा ठाम आहे. जास्त पेलोडच्या गाडीचे मागचे पाटे कडक असतात, रिकामी असताना ती खड्ड्यावर उड्या मारते, मागे बसलेल्यांना विचारा. वर्षातले ३०० दिवस गाडी रिकामीच फिरणार असेल आणि ट्रेलर १००० ते १५०० किलोचाच असेल, तर कारसारख्या मोनोकॉक (बॉडी आणि सांगाडा एकच) चासीवरची छोटी पिकअप पुरते, चालवायला सोपी आणि तेल कमी पिते. पण हौद्यात दर आठवड्याला वाळू, विटा, अवजारं टाकणार असाल तर टोइंग विसरा, पेलोड बघून शिडी चासीवाली, म्हणजे खाली शिडीसारखा वेगळा लोखंडी सांगाडा असलेली, घ्या. आणि हौद्याच्या आकाराला भुलू नका, एक घनमीटर ओली वाळू १८०० ते २००० किलो भरते, म्हणजे बहुतेक पिकअपचा हौदा निम्मा भरायच्या आधीच पेलोड संपलेला असतो.

टोइंगच्या बाजूला एकच गोष्ट कधी सोडू नका, ट्रेलरचे ब्रेक. गाडी ओढते म्हणजे थांबवते असं नाही, वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट लागते आणि उतारावर ती सगळी ब्रेकच्या डिस्कमध्ये उष्णता होऊन साठते. म्हणून ब्रेक असलेल्या आणि नसलेल्या ट्रेलरचे आकडे वेगळे दिलेले असतात, युरोपात बिनब्रेकच्या ट्रेलरला ७५० किलोची मर्यादा आहे. जाहिरातीतले ३५०० नेहमी ब्रेकवाल्या ट्रेलरचे असतात. उतार लागायच्या आधीच खालचा गिअर टाका, टो मोड (ट्रेलर ओढतानाचं गिअरबॉक्सचं सेटिंग) असेल तर चालू ठेवा.

आणि गाडी घेतल्यावर एकदा वजनकाट्यावर जा, नेहमीची माणसं बसवून आणि नेहमीचं सामान टाकून, आधी नुसती गाडी, मग ट्रेलर जोडून, जमलं तर प्रत्येक अ‍ॅक्सल वेगळा. बॉलवरचं वजन घरी पण मोजता येतं. ट्रेलर सपाट जमिनीवर, चाकांना दगड किंवा ठोकळे लावून, एक मजबूत फळी घ्यायची, तिचं एक टोक विटेवर, दुसरं माणसांच्या वजनाच्या साध्या काट्यावर, आणि ट्रेलरच्या पुढच्या टोकाखाली उभा पाइप लावून तो फळीवर अशा जागी टेकवायचा की विटेपासून एक फूट आणि काट्यापासून दोन फूट अंतर राहील. काट्यावर जे येईल त्यातून नुसत्या फळीचं आधी दिसलेलं वजन वजा करायचं आणि उरेल त्याला तिनानं गुणायचं. ५० आले तर बॉलवर १५० किलो आहेत, ते पेलोडमधून वजा करा आणि मग उरलेल्यात कोण बसणार आणि काय येणार ते ठरवा.